केळशीकरांची कोल्हा-साधना

श्रीपती केळशीकरांच्या वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर सगळे रकाने चांगले भरलेले होते. वक्तशीरपणा उत्तम, कामाचं ज्ञान उत्तम, सुरक्षा अतिउत्तम. फक्त शेवटच्या रकान्यात साहेबांनी जाता जाता दोन इंग्रजी शब्द लिहून ठेवले होते: लॅक्स फ्लेक्झिबिलिटी, म्हणजे लवचिकपणा नाही. जाता जाता म्हणजे खरोखरच जाता जाता. साहेब बदलून निघाले होते, आणि त्यांच्या जागी अदीबा मॅडम नावाच्या हैदराबादच्या बाई येणार होत्या. करार वाढवायचे की नाही ते त्या ठरवणार, असं कतारमधल्या रास लाफान प्लांटच्या बसमध्ये सगळे सांगत होते.

"मला अजून गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरता येतात," श्रीपतरावांनी घरी आल्यावर अलकाताईंना सांगितलं, आणि बुटासकट धरून दाखवले.

"ते कमरेबद्दल म्हणत नसतील," अलकाताई म्हणाल्या.

ते काय म्हणत असतील, हे त्या दोघांनाच नव्हे तर अल खोरच्या त्या संपूर्ण वसाहतीला, म्हणजे कंपाउंडला, माहीत होतं. श्रीपतराव गॅस प्लांटमध्ये वर्क पर्मिट देणाऱ्या खात्यात होते. कोणी वेल्डिंग करणार असो, टाकीत उतरणार असो की शिडीवर चढणार असो, श्रीपतरावांची सही झाल्याशिवाय पान हलत नसे, आणि अर्जात तारीख चुकीच्या चौकोनात पडली तर सही होत नसे. कंपाउंडनंही हा गुण ओळखून त्यांना सेफ्टी कमिटीचं मानद सचिव केलं होतं. गेल्या दिवाळीत त्यांनी क्लबहाउससमोरच्या आकाशकंदिलाला पर्मिट नाकारलं. तो शेवटी तुळशीच्या लग्नाला लागला.

पण आता प्रश्न ईशाचा होता. ईशा अकरावीतून बारावीत जात होती. करार वाढला नाही तर जूनमध्ये चंबूगबाळं आवरून पुण्याला जायचं, आणि मुलीची बारावी अर्ध्यात मोडायची. ईशा वह्यांना कव्हरं घालायची थांबली. श्रीपतरावांना ते दिसलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी नुपूरताई आल्या. नुपूरताई मूळच्या कोथरूडच्या. दर मंगळवारी सकाळी त्या क्लबहाउसमध्ये बायकांची ऊर्जा मोकळी करून देत. मूल्यमापनाची बातमी त्यांना कोणी सांगितली ते विचारायचं कारण नव्हतं. अलकाताई स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या.

"श्रीपतराव, तुमच्यात सगळी बैलाची ऊर्जा आहे," नुपूरताईंनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहत सांगितलं. "सरळ रेषेत चालायचं, वळायचं नाही. तुम्हाला कोल्हा हवा."

"कोल्हा कशाला?"

मग नुपूरताईंनी समजावून सांगितलं. जपान, चीन, कोरिया, सगळीकडे कोल्ह्याचे आत्मे असतात. रूप बदलणारे, माणसाला चकवणारे, पण मनापासून हाक मारली तर चातुर्य देणारे. वय वाढेल तशा शेपट्या वाढतात. नऊ झाल्या की झालं. त्यांनी स्वतः झूमवर एका बाईंकडून ही साधना शिकून घेतली होती. नऊ दिवस, रोज एक शेपटी. मावळतीला घराबाहेर डोळे मिटून बसायचं, समोर तळलेला टोफू ठेवायचा, कारण जपानी कोल्ह्यांना तो प्रिय, आणि पाठीच्या कण्याखाली शेपटी फुटते आहे अशी कल्पना करायची. शिवाय रोज एक छोटीशी, कुणाचं नुकसान न करणारी लबाडी.

"लबाडी कंपल्सरी आहे का?" श्रीपतरावांनी विचारलं.

"तोच तर अभ्यास आहे."

एरवी त्यांनी नुपूरताईंना चहा देऊन वाटेला लावलं असतं. पण ईशाच्या टेबलावर कव्हरं न घातलेल्या वह्या पडल्या होत्या. श्रीपतरावांनी वहीत नऊ रकाने आखले.

"इथे असलं काही चालत नाही हं," अलकाताईंनी बजावलं. "कोणी विचारलं तर योगासनं म्हणून सांगा."

"ती योगासनं नाहीत."

"म्हणूनच तर सांगायची."

ईशानं हे सगळं ऐकून फक्त भुवया उंचावल्या. "बाबा, दे आर ट्रिकस्टर्स. यू कान्ट अप्लाय टू देम," ती म्हणाली. पण ती बऱ्याच दिवसांनी आपणहून काही बोलली होती, म्हणून श्रीपतरावांना ते उत्तेजनच वाटलं.

पहिली अडचण टोफूची. अल खोरच्या दुकानात टोफू होता, पण तो पांढरा, पाण्यात पोहणारा. नुपूरताईंनी सांगितलेला पातळ आणि तळलेला टोफू लुसैल शहरातल्या एका दुकानात मिळतो असं कळल्यावर शुक्रवारी श्रीपतराव तिथं गेले. पार्किंगमध्ये चुकून ट्रामच्या बाजूला उतरले, दोन स्टेशनं ट्रामनं फिरून आले आणि शेवटी दुकान सापडलं तेव्हा ते दुपारच्या नमाजासाठी बंद होतं. उघडल्यावर त्यांनी चार पाकिटं घेतली. काउंटरवरच्या मुलीनं सुशी करणार का म्हणून विचारलं. योगासनं म्हणावं की खरं सांगावं या विचारात ते इतका वेळ उभे राहिले, की मागच्या गृहस्थांनी "यल्ला", म्हणजे चला, म्हणून पाठीवर हात ठेवला.

पहिल्या संध्याकाळी ते घरामागच्या छोट्या अंगणात प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. पाठीमागे एसीचं यंत्र घुरघुरत होतं, पुढे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे मोकळं वाळवंट. टोफू स्टीलच्या ताटलीत. त्यांनी डोळे मिटले. दहा मिनिटांनी भिंतीवरून आवाज आला.

"आवं श्रीपतराव, पाठ धरली का काय?"

शेजारच्या व्हिलातले राजाभाऊ भिंतीवर कोपर टेकून उभे होते. राजाभाऊ कराडकडचे, विजेच्या कामावर सुपरवायझर. खोटं बोलायचं नाही, योगासनं म्हणायचं नाही, म्हणून श्रीपतरावांनी सगळं सांगितलं. राजाभाऊंनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

"ते टोफू का फोफू खात न्हाई," ते म्हणाले. "आमच्या उसात कोल्ही-खोकडं येत व्हती ना. सुकट घाला. आन् कोल्हा म्हणू नका त्याला. इथं हाय ते खोकड. कान बघा की, सुपासारखं."

"मी आत्म्याबद्दल बोलतोय, राजाभाऊ."

"आत्म्याला बी सुकटच आवडतं," राजाभाऊ म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवशीची लबाडी अशी होती: ऑफिसात एका सहकाऱ्यानं केलेला चहा पांचट असूनही श्रीपतरावांनी तो छान झाल्याचं सांगितलं. चार वाजता बस सुटायच्या आधी ते उतरून परत गेले आणि चहा तितकासा छान नव्हता असं सांगून आले. बस सात मिनिटं खोळंबली. वहीतल्या पहिल्या रकान्यात त्यांनी "अंशतः" असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी कण्याखाली किंचित चुरचुरलं. ते स्टुलाच्या तडकलेल्या प्लास्टिकमुळे होतं हे अलकाताईंनी टॉर्च घेऊन दाखवून दिलं.

चौथ्या दिवशी त्यांनी, राजाभाऊंचं मन राखावं म्हणून, टोफूवर चिमूटभर सुकट भुरभुरली. डोळे मिटले. एसी घुरघुरत होता. दूरच्या मशिदीतून अजान आली आणि थांबली. मग त्यांना अगदी जवळ, हातभर अंतरावर, कोणीतरी नीट, निगुतीनं चावल्याचा आवाज आला. श्रीपतरावांच्या अंगावर काटा आला. डोळे उघडू नयेत असा नियम होता, आणि नियम असल्यामुळे त्यांनी ते उघडले नाहीत. आवाज थांबल्यावर साठपर्यंत अंक मोजून त्यांनी पाहिलं. ताटली चाटून पुसून लख्ख.

ते धावत घरात गेले. "आला," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायले.

ईशा मोबाइलचा दिवा घेऊन बाहेर गेली आणि वाळूत वाकून बराच वेळ बघत राहिली. "बाबा, इट्स अ फॉक्स. लाइक, ॲन ॲक्च्युअल फॉक्स."

"मी तेच म्हणतोय," श्रीपतराव म्हणाले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाकेला इतक्या तातडीनं कोणी ओ दिली नव्हती.

पाचव्या दिवशी त्यांची उजवी चप्पल गेली. सहाव्या दिवशी राजाभाऊंचा डावा बूट गेला, सातव्या दिवशी नुपूरताईंची मोजडी. मग कंपाउंडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू झाला. प्रत्येक फोटोत एकच पादत्राण, आणि खाली: याचा जोडीदार कोणी पाहिला का? आठव्या दिवशी बी-ब्लॉकमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या बाईंनी आपल्या जरीकाम केलेल्या डाव्या सँडलबद्दल लिहिलं. भावाच्या निकाहात घातलेली, सामानाची खोकी उघडताना दाराबाहेर ठेवलेली. नाव: अदीबा.

श्रीपतरावांनी ते नाव तीनदा वाचलं. नव्या मॅडम त्यांच्याच कंपाउंडमध्ये उतरल्या होत्या, आणि एका पायानं अनवाणी झाल्या होत्या.

त्याच संध्याकाळी ईशानं त्यांना भिंतीपाशी बोलावलं. ते स्टुलावर चढले, अलकाताईंनी त्यांचा एक पाय घट्ट धरला, आणि त्यांनी पलीकडे डोकावलं. वीसेक पावलांवर कुठल्याशा जुन्या कामावरची एक मोडकी पत्र्याची पोर्टा-केबिन विटांवर टेकलेली होती. तिच्याखालून तीन पिल्लं बाहेर आली होती. कान अंगापेक्षा मोठे, पाय अजून लटपटते. दोन राजाभाऊंच्या बुटाची नाडी दोन्ही बाजूंनी ओढत होती. तिसरं जरीच्या सँडलमध्ये डोकं घालून झोपलं होतं. बाजूला त्यांची आई बसली होती, हाडकुळी, एकच शेपटी, तीही टोकाशी झडलेली. तिनं मान वळवून श्रीपतरावांकडे पाहिलं. घाबरली नाही. ओळखीचं माणूस असावं तसं पाहिलं.

"किती गोड," अलकाताई खालून म्हणाल्या. त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण ईशानं फोटो दाखवला होता.

"काय, भिंतीवरनं चोरून बघताय व्हय?" राजाभाऊंनी आपल्या अंगणातून विचारलं. लुंगी सावरत, बायकोच्या हातात पाय देऊन लोंबकळणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं मानानं उत्तर देता येत नाही. श्रीपतराव उतरले.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडचा मॅनेजर जैद यानं क्लबहाउसमध्ये बैठक बोलावली. जैद जॉर्डनचा, भला माणूस, पण चार दिवसांत दहाएक तक्रारी आल्यामुळे त्याचा चेहरा उतरला होता. चौकशी समिती नेमायची आणि तिचे प्रमुख श्रीपतराव, हे त्यानं सुरुवातीलाच जाहीर केलं, कारण कंपाउंडमध्ये इतका सरळ माणूस दुसरा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत अदीबा मॅडम बसल्या होत्या. त्यांनीही मान वळवून या सरळ माणसाकडे कुतूहलानं पाहिलं. श्रीपतरावांना कण्याखाली पुन्हा चुरचुरलं, आणि या वेळी खाली स्टूल नव्हतं.

साधनेच्या दृष्टीनं ही संधी सोन्यासारखी होती. गप्प बसायचं, चौकशी लांबवायची, सगळ्या शेपट्या एका फटक्यात. ते गप्प बसलेही. साधारण चार मिनिटं.

मग जैदनं सांगितलं की सिक्युरिटी कंपनीला संशय गेटवरच्या नंदूचा आहे. संध्याकाळची फेरी त्याचीच असते. त्याला उद्यापासून दुसरीकडे, वाळवंटातल्या एका गोदामावर पाठवणार. नंदू दाराशी उभा होता. नेपाळमधल्या पोखऱ्याचा, पन्नाशी उलटलेला, मिशा पिकलेल्या. ईशा पहिलीत असल्यापासून तो तिला शाळेच्या बसमध्ये चढवत आलेला.  त्यानं टोपी काढून हातात धरली.

श्रीपतराव उभे राहिले.

"नंदूनं काही केलेलं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "जोडे कोल्ही नेते. तिला पिल्लं आहेत. आणि तिला खायला घालून सवय लावणारा मी आहे."

 का घातलं, असं जैदनं विचारलं. इथे थांबता आलं असतं, प्राण्यांची दया वगैरे म्हणता आलं असतं. पण श्रीपतरावांना अर्धवट अर्ज कधीच चालत नसे. त्यांनी मूल्यमापनाचा शेरा, बैलाची ऊर्जा, नऊ शेपट्या, लुसैलचा टोफू, सगळं क्रमानं आणि तारखांसह सांगितलं. नुपूरताई छताकडे पाहत राहिल्या. अलकाताईंनी ओढणी कपाळापर्यंत घेतली. शेरा वाचून दाखवताना "लॅक्स फ्लेक्झिबिलिटी" हे शब्द त्यांनी आपल्या नव्या साहेबांच्या तोंडासमोर उच्चारले, आणि ते उच्चारताना त्यांना बारावीची पुस्तकं डोळ्यांसमोरून पुण्याच्या दिशेनं जाताना दिसली.

"खलास," जैद सुटकेचा श्वास सोडत म्हणाला. चोर सापडला, नंदू सुटला, प्रश्न मिटला. उद्या पेस्ट कंट्रोलची माणसं येतील, केबिनखाली पिंजरे लावतील, औषध टाकतील. त्यानं फोन काढला.

ईशा मागच्या रांगेत बसली होती. श्रीपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग बसता बसता ते पुन्हा उभे राहिले.

"पर्मिट?" त्यांनी विचारलं.

"कसलं पर्मिट?"

"बाहेरचा कंत्राटदार कंपाउंडच्या वतीनं काम करणार, म्हणजे सेफ्टी कमिटीचं पर्मिट लागतं. कलम सात." श्रीपतरावांनी पिशवीतून कोरा अर्ज काढला. कोरा अर्ज त्यांच्या पिशवीत नेहमी असे. "केबिन भिंतीबाहेर आहे. जमीन कोणाची? मालकाचं पत्र लागेल. केबिनखाली माणूस घुसणार, म्हणजे बंदिस्त जागा. गॅस टेस्ट लागेल. बाहेर एक प्रशिक्षित माणूस उभा लागेल. आत कोणी अडकला तर बाहेर कसा काढणार, त्याचा आराखडा लागेल. औषधाची माहिती इंग्रजीत आणि अरबीत. आणि इथे प्राण्याची जात लिहायची आहे."

"कोल्हा," जैद म्हणाला.

"कोल्हा न्हवं," राजाभाऊ मागून म्हणाले. "खोकड हाय ते. म्या शंभर बघितल्यात."

"नोंद घेतो," श्रीपतराव म्हणाले. "जातीबद्दल मतभेद. जाणकाराचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. पिंजरा खोकडासाठी मंजूर असेल आणि आत कोल्हा गेला तर जबाबदारी कोणाची?"

हे सगळं ते चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बोलत होते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आजवर त्यांनी हेच नियम शेकडो वेळा लावले होते. फक्त पहिल्यांदाच त्यांना ते लावताना आतून गुदगुल्या होत होत्या.

जैदनं मदतीसाठी अदीबा मॅडमकडे पाहिलं. इतक्या मोठ्या प्लांटच्या अधिकारी, त्या तरी या माणसाला आवरतील. मॅडम गालावर हात टेकून ऐकत होत्या.

"केळशीकर साहब," त्या म्हणाल्या, "ये सब कागज जमा होने में कितने हफ्ते लगेंगे?"

"पाँच, मॅडम. अंदाजन."

"और बच्चे कितने हफ्तों में अपने पैरों पर निकल जाते हैं?"

श्रीपतरावांना याचं उत्तर ईशानं आदल्या दिवशीच शोधून दिलं होतं. ते सांगितलं तर डाव उघडा पडणार होता. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं.

"पाँच, मॅडम."

मॅडमनी पर्स उचलली आणि जैदला म्हणाल्या, "सेफ्टी इज सेफ्टी, मिस्टर जैद. मेरी सँडल भी तब तक इंतजार कर लेगी."

पुढचे पाच आठवडे कंपाउंडमधल्या लोकांनी जोडे घरात ठेवले. वर्षानुवर्षं सांगून जे झालं नव्हतं ते आपोआप झालं. टोफू बंद करायचा असं श्रीपतरावांनीच समितीपुढे लिहून दिलं. कोल्हीला माणसांची आणखी सवय लागू नये, हे ईशाचं म्हणणं. राजाभाऊ अंधार पडताना भिंतीवरून सुकट टाकतात असा श्रीपतरावांना दाट संशय होता, पण तशी लेखी तक्रार कोणी केली नाही, आणि लेखी तक्रारीशिवाय समितीला काही करता येत नव्हतं. नुपूरताईंनी मंगळवारी बायकांना सांगितलं की साधना पूर्ण व्हायच्या आतच फळ देते, हे दुर्मिळ आहे.

कराराचा निर्णय एप्रिलच्या अखेरीस आला. मॅडमनी त्यांना ऑफिसमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला. जुन्या साहेबांचा शेरा खोडता येत नाही, तो सिस्टीममध्ये तसाच राहणार, असं त्यांनी समजावलं. त्यांनी त्याच्यापुढे फक्त एक शब्द वाढवला होता. श्रीपतरावांनी चष्मा पुसून वाचलं: "लॅक्स फ्लेक्झिबिलिटी. रीटेन."

म्हणजे ताठ आहे, ठेवून घ्यावा. आनंद मानावा की अपमान, हे त्यांना बसमध्ये अल खोर येईपर्यंत ठरवता आलं नाही. घरी सांगितल्यावर अलकाताईंनी शिरा केला.  ईशा आत जाऊन ब्राउन पेपर आणि कात्री घेऊन बाहेर आली आणि बाबांच्या शेजारी जमिनीवर बसून वह्यांना कव्हरं घालायला लागली.

आठवड्यानं संध्याकाळी नंदू गेटवरून बातमी घेऊन आला. केबिनखाली सामसूम होती. तो आणि श्रीपतराव वळसा घालून पलीकडे गेले. वाळूत लहान पावलांच्या तीन ओळी होत्या आणि एक मोठी. चारही समुद्राच्या बाजूला गेल्या होत्या. केबिनखालून नंदूनं काठीनं एकेक करून अकरा सुटी पादत्राणं ओढून काढली. जरीच्या सँडलची एक पट्टी चावून तोडलेली होती. मॅडमनी ती पाहून सांगितलं की दुरुस्त करू नका, अशीच छान आहे.

श्रीपतरावांनी घरी येऊन पर्मिटचा अर्ज काढला. पाच आठवड्यांत त्याला सात कागद जोडले गेले होते आणि तीन यायचे राहिले होते. असा अर्ज नुसता फाडून चालत नाही, रीतसर बंद करावा लागतो. "काम सुरू झाले नाही. आवश्यकता उरली नाही," असं लिहून त्यांनी सही केली, तारीख तिच्या चौकोनात घातली. खाली शेऱ्याचा रकाना होता. तो ते नेहमी कोरा सोडत, कारण शेरा म्हणजे माणसाचं मत, आणि पर्मिटवर मताला जागा नसते.

त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: "तीन पिल्ले. सर्व सुखरूप."